धर्मपाल पगाऱ्यांचा ग्रीस

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर धर्मपाल पगाऱ्यांनी चौतीस वर्षं राखण केली. बाकीचं गाव त्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतं. तसं कोणी म्हटलं की धर्मपाल आधी त्याला थांबवायचे, पांडवांचा इथे काही संबंध नाही हे शांतपणे समजावून सांगायचे, आणि मगच पुढे जाऊ द्यायचे. पुरातत्त्व खात्याच्या कागदावर त्यांचा हुद्दा काय होता ते त्यांच्या बायकोलाही कधी धड सांगता आलं नाही. वस्तीत त्यांना ‘लेणीवाले पगारे’ म्हणत आणि तेवढं त्यांना पुरत होतं. सकाळी पायऱ्या चढायच्या, लेणी झाडायची, कॉलेजच्या पोरांनी खडूने काढलेले बदाम पुसायचे, संध्याकाळी उतरायचं. माणूस किरकोळ अंगाचा, पण आवाज असा खणखणीत की ‘भिंतीला हात लावू नका’ म्हटल्यावर मोठमोठे साहेबही हात खिशात घालत.

हेच धर्मपाल गेली दोन वर्षं मेलबर्नजवळ टार्निटला मुलाच्या घरी राहतात, आणि त्या घराच्या पुढच्या दाराला बिचकून असतात. ते दार आपोआप बंद होतं. हे त्यांना कळलं पहिल्याच आठवड्यात, कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला ते नुसत्या बनियनवर बाहेर गेले तेव्हा. मागे खट्‌ झालं. मुलगा धम्मदीप ऑफिसात, सून अपर्णा पॅथॉलॉजी लॅबमध्ये, नात मयूरा शाळेत, आणि फोन आत चार्जिंगला. अडीच तास ते पायरीवर बसून राहिले. तेवढ्या वेळात त्या गल्लीतून पायी जाणारं एकही माणूस दिसलं नाही. समोरच्या घराचं गॅरेज वर गेलं, गाडी आत शिरली, गॅरेज खाली आलं. आत कोण होतं, बाई की बुवा, ते दोन वर्षांत अजून कळलेलं नाही.

वसाहत नवी. रस्त्यांना झाडांची नावं आणि झाडं मात्र अजून काठ्यांना बांधलेली. स्टेशन आहे, पण पायी जायचं म्हणजे पाऊण तास वाऱ्यात चालायचं. गाडी त्यांना येत नाही. सकाळी साडेआठला मयूराला शाळेत सोडायचं, सव्वातीनला आणायचं, मधल्या वेळात भाजी निवडायची, कपडे घड्या करायचे आणि दार बंद होणार नाही असं बघायचं. ते आले म्हणून अपर्णाला सकाळची शिफ्ट घेता आली, नाहीतर पोरीला शाळेआधी आणि शाळेनंतर कुठेतरी ठेवावं लागलं असतं. हे घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळं घर त्याच खिळ्यावर टांगलेलं होतं.

ते आले होते तीन महिन्यांसाठी. बायको कमलाबाई आदल्या वर्षी गेली होती आणि मुलाला वाटलं, बाबा एकटे कुढत बसतील. वाटणं काही चूक नव्हतं. आल्यावर दुसऱ्या महिन्यात धम्मदीपने विचारलं, ‘‘बाबा, इथेच राहायचा अर्ज टाकून देऊ का? आता सदुसष्ट पूर्ण झाली तुमची, बसतोय नियमात.’’ विचारलं खरं, पण उत्तराची वाट बघितली नाही. ओळखीतल्या सगळ्यांनी आपापल्या आईबापांचे अर्ज असेच टाकले होते. एकदा अर्ज आत गेला की तो निकाली निघेपर्यंत राहायची मुभा मिळते, त्याला ब्रिजिंग व्हिसा म्हणतात. रांग किती मोठी, असं धर्मपालांनी सहज विचारलं. साधारण एकतीस वर्षांची, असं उत्तर आलं.

‘‘म्हणजे अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी मी इथला होणार?’’

‘‘बाबा, ते टेक्निकल आहे. पॉइंट काय, तोपर्यंत तुम्हाला कोणी हलवत नाही.’’

कोणी हलवत नाही हे खरंच होतं. देश सोडून गेलं तर परत येता येत नाही, आधी वेगळी परवानगी काढली असेल तरच. ती परवानगी काढून नाशिकला महिनाभर जाऊन यायचं असं दर सुट्टीला ठरायचं, आणि दर सुट्टीला काहीतरी निघायचं. धर्मपाल ‘‘काही नाही, पुढच्या वेळी’’ म्हणायचे. ‘काही नाही’ हे दोन शब्द त्यांनी दोन वर्षांत इतके वापरले की नाशिकला चौतीस वर्षांत एवढ्या वेळा ‘हात लावू नका’ म्हटलं नसेल.

आता ग्रीसचं सांगायला हवं.

सतरा नंबरचं लेणं एका यवनाने कोरून घेतलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा कोणी इंद्राग्निदत्त नावाचा माणूस, धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडून आलेला. आपलं नाव, बापाचं नाव आणि आपलं गाव त्याने भिंतीवर कोरून ठेवलंय. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी धर्मपालांना तो लेख शब्द न् शब्द समजावून सांगितला होता. प्राध्यापक हेही म्हणाले होते की त्याचं गाव बहुधा सिंधकडे कुठेतरी असेल. ते धर्मपालांनी ऐकून सोडून दिलं. यवन म्हणजे ग्रीक, ग्रीक म्हणजे ग्रीस आणि ग्रीस म्हणजे समुद्र, इतका सरळ हिशेब त्यांनी केला होता आणि तो मोडायची त्यांची इच्छा नव्हती. आत अंधार असे, म्हणून ते जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण घेऊन व्हरांड्यात उन्हाला उभे राहत आणि कवडसा बरोबर अक्षरांवर तिरका पाडत. सपाट भिंतीवर अक्षरं उठून दिसू लागली की बघणारा ‘अरे!’ म्हणायचा. त्या ‘अरे’साठी त्यांनी नोकरी केली म्हटलं तरी चालेल.

त्यामुळे अपर्णाने, जुलैच्या सुट्टीत ग्रीसला जाऊ, असं सुचवलं त्या दिवशी धर्मपाल रात्रीचं जेवण अर्धवट सोडून उठले आणि आत जाऊन चष्मा घेऊन आले. अपर्णा लॅपटॉपवर फोटो दाखवत होती. तिला गर्दीचे किनारे नको होते. तिने कुठल्याशा प्रवाशाच्या ब्लॉगवरून एक जागा हुडकली होती: कच्चा रस्ता संपतो तिथे गाडी सोडायची, ऑलिव्हच्या झाडांतून पंचवीस मिनिटं चालायचं, मग एक छोटासा किनारा. टपरी नाही, छत्र्या नाहीत, नळसुद्धा नाही. आणि वर टेकाडावर जुन्या बंदराचे आणि देवळाचे पडके खांब.

‘‘तिकीट लागतं का तिथे?’’ धर्मपालांनी विचारलं.

‘‘काहीच नाही बाबा. कोणी नसतंच तिथे.’’

‘‘राखायलाही कोणी नाही?’’ हे त्यांना मनापासून वाईट वाटलं.

जानेवारीत सेल लागला तेव्हा धम्मदीपने चार तिकिटं काढून टाकली. पुढचे पाच महिने धर्मपाल निराळेच झाले. मयूराला शाळेत नेताना ते तिला यवनाची गोष्ट सांगत, ती इंग्रजीत प्रश्न विचारी, ते मराठीत उत्तर देत, आणि दोघांचं उत्तम चाले. त्यांनी बूट घेतले. एका वहीत लेण्यातल्या लेखाची अक्षरं आठवून आठवून काढली, तिकडे कोणाला दाखवायला. कोणाला, ते काही ठरलेलं नव्हतं.

जूनच्या मधल्या एका रविवारी मयूरा जेवणाच्या टेबलावर एअरपोर्ट-एअरपोर्ट खेळत बसली होती. खणातले चारही पासपोर्ट तिने ओळीने मांडले होते. चारही निळे. अपर्णा ओट्यापाशी कांदा चिरत होती.

‘‘आजोबा,’’ मयूरा म्हणाली, ‘‘युअर्स हॅज लायन्स! वी ओन्ली गॉट अ कांगारू अँड अ बर्ड.’’

धर्मपाल खूश झाले. सिंहांचा स्तंभ अशोकाचा, तो कुठे सापडला, हे ते सांगू लागले. अपर्णाची सुरी थांबली. तिने हात न पुसताच येऊन तो पासपोर्ट उचलला.

‘‘धम्मा,’’ तिने हाक मारली, ‘‘बाबांचा व्हिसा?’’

धम्मदीप सोफ्यावर मॅच बघत होता. ‘‘ग्रीसला व्हिसा लागत नाही गं.’’

‘‘आपल्याला लागत नाही!’’

झालं होतं ते एवढंच. तिकीट काढताना साइटवर ‘व्हिसाची गरज नाही’ असं आलं होतं आणि घरातल्या तिघांना ती नव्हतीच. सहा वर्षांपूर्वी नागरिकत्व मिळालं आणि ज्या मुलाने त्याआधी दहा वर्षं व्हिसाशिवाय दुसरा विषय काढला नव्हता, तो व्हिसा ही वस्तूच विसरून गेला. बापाचा पासपोर्ट भारताचा आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. सोमवारी फोनाफोनी झाली. व्हिसासाठीची पहिली मोकळी तारीख विमान सुटल्यानंतरची होती. वर ब्रिजिंगवरच्या माणसाला तो मिळेलच असं कोणी सांगेना, आणि इथे परत यायची परवानगी काढायचीही राहिलीच होती.

धम्मदीप डोकं धरून बसला. ‘‘माझी चूक आहे बाबा. आपण कोणीच जात नाही. कॅन्सल करतो.’’

‘‘काही नाही रे,’’ धर्मपाल म्हणाले. ‘‘तुम्ही जा. मी घर सांभाळतो. चौतीस वर्षं तेच तर केलं.’’

सगळे हसले. धर्मपालही हसले. पण खरं सांगायचं तर, मुलाने अजून एकदा ‘नाही जात’ म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं. त्याने म्हटलं असतं तर त्यांनी त्याला पुन्हा जा म्हटलंच असतं, त्यात शंका नव्हती. धम्मदीपने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्या संध्याकाळी आपल्या खोलीत त्यांनी बूट खोक्यात परत घातले आणि त्यांना मुलाचा राग आला. इतका स्वच्छ राग त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता.

ते तिघं गेले. फ्रिजवर अपर्णाने यादी लावली होती: हीटर कसा, गॅस कसा, किल्ली कायम गळ्यात. किल्लीला तिने खरोखरच दोरी लावून दिली होती. पहिल्या सोमवारी धर्मपाल सवयीने साडेआठला बाहेर पडले आणि चालत शाळेपर्यंत गेले. सुट्टी असल्याने फाटकाला कुलूप होतं. ते तिथे थोडा वेळ उभे राहिले. ही पोरगी नसली तर या देशात आपल्याला काहीही काम नाही, हे त्यांना तिथे उभं असताना कळलं. घरी येऊन त्यांनी चहा केला आणि कप हातात धरूनच बसून राहिले.

दोन गल्ल्या पलीकडे धम्मदीपच्या ओळखीतला प्रल्हाद राहायचा. शिकायला आला, शिकला एक, करतो दुसरंच. आता एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना आहे, खाऊनपिऊन सुखी. त्याची बायको चित्रलेखा एक दिवसाआड डबा द्यायची आणि तो आणून पोहोचवायचा. बुधवारी तो डबा घेऊन आला तर धर्मपाल कोट घालून, टोपी घालून, गळ्यात किल्ली घालून सोफ्यावर नुसते बसलेले.

‘‘कुठे निघालात काका?’’

‘‘कुठे नाही.’’

प्रल्हादला ते दृश्य बघवेना. ‘‘चला, आर्व्होला, म्हणजे दुपारनंतर, फ्री आहे मी. तुम्हाला बीच पाहिजे ना? ग्रीस नाही तर वेरिबी साउथ. नो वरीज.’’

जुलैतल्या थंडीत त्या किनाऱ्यावर एक बाई आणि तिचा कुत्रा सोडून कोणी नव्हतं. वारा असा की गाडीचं दार धरून उघडावं लागलं. दोघं काचा लावून गाडीत बसले आणि प्रल्हादने आणलेले गरम चिप्स खाऊ लागले. समुद्र करडा होता.

मग धर्मपाल म्हणाले, ‘‘प्रल्हाद, मी उद्या विमानतळावर गेलो, तर मला अडवतील का रे?’’

‘‘कशाला अडवतील? जाणाऱ्याला कोण अडवतं काका? प्रॉब्लेम परत येताना आहे. परमिशन नसली की आत घेत नाहीत. मग त्या अर्जाचंही काही खरं नाही.’’

‘‘म्हणजे जाता येतं.’’

‘‘येतं, पण परत नाही ना येता येत!’’

‘‘ते ऐकलं मी,’’ धर्मपाल म्हणाले.

प्रल्हादला वाटलं, म्हाताऱ्याला नीट कळलेलं नाही, म्हणून त्याने सगळं पुन्हा समजावून सांगितलं. धर्मपालांना मात्र पहिल्याच वाक्यात कळलं होतं. दोन वर्षं घरात ‘तुम्हाला जाता येत नाही’ असंच बोललं जात होतं, आणि ते तसंच समजून चालले होते. जायला कोणाची ना नव्हती. ना होती ती फक्त परत यायला. आणि परत यायचं नसलं तर? नाशिकमधली दोन खोल्यांची जागा तशीच होती, शेजारची मीनाक्षी आठवड्यातून एकदा झाडून काढायची. पेन्शन तिकडेच जमा होत होती. सकाळी लेण्यांपर्यंत चढता येईल एवढे गुडघे अजून शाबूत होते. चिप्स हातात धरून धर्मपालांना एकदम इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. कारण त्या आनंदामागून लगेच मयूरा आली. नऊ वर्षांची. सव्वातीनला फाटकातून बाहेर आली की आधी दप्तर त्यांच्या हातात देणारी. गेलो तर ही पोर पुन्हा कधी दिसेल? ते तिघं नाशिकला येतील वर्षा-दोन वर्षांनी, पंधरा दिवस, त्यातले आठ अपर्णाच्या माहेरी. तोवर ती केवढी होईल, आणि आजोबांशी काय बोलेल.

‘‘काका, चिप्स थंड झाले,’’ प्रल्हाद म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, बाहेर अंधारून यायला लागलं तेव्हा, फोन वाजला. व्हिडिओवर मयूरा. तिच्यामागे एवढं ऊन होतं की धर्मपालांनी आपसूक डोळे बारीक केले.

‘‘आजोबा! वी आर हिअर! देअर’स नो सिग्नल ऑन द बीच सो वी केम अप टू द रुइन्स.’’

तिने फोन फिरवला. खाली किनारा होता. अर्ध्या चंद्राच्या आकाराचा, मोकळा, पाण्याचा तळ वरून दिसत होता. वाळूवर त्यांच्या तिघांच्या चपला आणि एक टॉवेल, बाकी काही नाही. मग टेकाड दिसलं: वाळलं गवत, दोन बकऱ्या, आणि गवतातून इकडेतिकडे आडवे पडलेले खांब. अपर्णा एका दगडावर बसली होती. दुकान नाही म्हटल्यावर तिने भाड्याच्या घरात सकाळीच धपाटे थापले होते आणि स्टीलच्या डब्यात घालून आणले होते.

मयूरा एका पडलेल्या खांबावर चढू लागली.

‘‘उतर खाली!’’ धर्मपाल ओरडले. ‘‘हात नको लावूस! पाय तर मुळीच नको!’’

अपर्णा दचकून उभी राहिली. मयूरा खुदकन हसली, पण उतरली. धर्मपालांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि कामाला लागले. अगं, जवळ जा. खालच्या बाजूला बघ, सावलीत. पावसाने वरची बाजू झिजते, खालची राहते. टाकीचे घाव दिसतात का? तिरके आहेत की सरळ? मयूरा गवतात पोटावर आडवी झाली.

‘‘देअर’स समथिंग. लाइक लेटर्स. बट इट्स टू डार्क.’’

‘‘आईच्या डब्याचं झाकण आण.’’

अपर्णाने धपाटे रुमालात काढून झाकण दिलं. आता उन्हात उभी राहा, असं धर्मपालांनी सांगितलं. झाकण हलव. कवडसा दगडावर ने, सरळ नको, बाजूने, अजून बाजूने. फोन अपर्णाने धरला होता. उजेडाचा गोळा गवतावर नाचला, बकरीवर गेला, मग खांबाच्या पोटाशी जाऊन थरथरत थांबला. दगडात एकापुढे एक सात-आठ अक्षरं उभी राहिली.

‘‘अरे!’’ मयूरा म्हणाली.

धर्मपालांना ती अक्षरं वाचता आली नाहीत. पण घाव ओळखीचे होते. कोणीतरी माणूस उकिडवा बसून, टाकीवर हातोडी मारत, एवढंच करून गेला होता. कमलाबाई एकदा त्यांना डबा द्यायला लेण्यांवर आली होती, तेव्हा त्यांनी तिलाही असाच कवडसा पाडून यवनाचा लेख दाखवला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग तो गेला का हो परत घरी?’’ लेखात ते नाही, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. हे काय विचारणं झालं, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

धम्मदीप खालून चढून आला, घामाने ओला, आणि त्याने फोन घेतला. ‘‘बाबा, काय जागा आहे! तुम्ही पाहिजे होतात यार. पुढच्या वर्षी तुम्हाला आणतोच. सगळे पेपर्स आधी, प्रॉमिस.’’ बोलता बोलता तो पुन्हा उताराला लागला होता.

धर्मपालांनी श्वास घेतला. आत्ता नाही बोललो तर आपण अठ्ठ्याण्णवपर्यंत बोलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

‘‘धम्मा, ऐक. मला पुढच्या वर्षी कुठे जायचं नाही. मला नाशिकला जायचंय. कायमचं. तुमचं काही चुकलं म्हणून नाही. मला इथे कोंडल्यासारखं होतं रे. दोन वर्षं झाली, मी सांगत नाही तुला.’’

मुलगा काही बोलला नाही. तोंड अर्धवट उघडं, केस वाऱ्याने उभे, डोळे एका बाजूला. धर्मपाल वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की केसही हलत नाहीयेत. चित्र अडकलं होतं. मग फोन कट झाला.

त्यांनी दोनदा लावून बघितला. लागला नाही. खोलीत आता पुरता अंधार झाला होता आणि दिवा लावायचंही त्यांना सुचेना. त्याने ऐकलं असेल का? किती ऐकलं असेल? ‘मला नाशिकला जायचंय’पर्यंत गेलं असेल, की ‘ऐक’वरच थांबलं? दोन वर्षांचं बळ एका थिजलेल्या फोटोपुढे खर्च झालं, याचं त्यांना रडू यायला लागलं. आणि त्याच वेळी, हेही खरं, आतून बरंही वाटलं. कोणी ऐकलं नसेल तर काही बिघडलेलं नाही. रविवारी ते येतील. सोमवारी साडेआठला शाळा.

वीस मिनिटांनी फोन वाजला.

‘‘आजोबा, यू फ्रोझ,’’ मयूरा म्हणाली. ती पुन्हा वर आली होती, अपर्णाचा फोन घेऊन, एकटीच. केस ओले. ‘‘डॅड सेज यू वर सेइंग समथिंग. ही’ज स्विमिंग. काय म्हणत होतात?’’

शेवटचं ती मराठीत म्हणाली. ती क्वचितच म्हणायची.

‘काही नाही’ जिभेवर तयार होतं. पण या पोरीशी ते आजवर खोटं बोलले नव्हते. बाकी सगळ्यांशी बोलले होते.

‘‘मी म्हणत होतो, मला घरी जायचंय.’’

‘‘बट यू आर होम,’’ मयूरा म्हणाली. ‘‘वी आर द वन्स हू आर नॉट होम.’’

‘‘हे तुझं घर आहे बाळा. माझं नाशिकला आहे.’’

तिने थोडा विचार केला. ‘‘ओके. अँड देन यू’ल कम बॅक?’’

‘‘नाही.’’

‘‘नॉट इव्हन फॉर माय बर्थडे?’’

‘‘नाही गं. परत नाही येता येणार मला.’’

तिचा खालचा ओठ पुढे आला. रडेल असं त्यांना वाटलं, आणि ती रडली असती तर ते तिथल्या तिथे सगळं मागे घेणार होते. ती रडली नाही. तिने फोन खाली केला, आणि फक्त गवत आणि तिचे वाळू लागलेले पाय दिसत असताना तिचा आवाज आला, जेवढा मोठा काढता येईल तेवढा मोठा:

‘‘डॅ-ड! आजोबा वॉन्ट्स टू गो होम! टू नाशिक! अँड ही’ज नॉट कमिंग बॅक!’’

त्या मोकळ्या किनाऱ्यावर ते किती लांबवर गेलं असेल कोण जाणे. धर्मपाल फोन धरून ऐकत राहिले. मग धावत चढणारी पावलं, घसरलेले दगड, दमलेला श्वास. चित्र गरकन फिरलं आणि धम्मदीपचा चेहरा आला. कपाळावरून पाणी निथळत होतं. जिथे सिग्नल पक्का होता तिथे, मयूरा उभी होती बरोबर त्याच जागी, तो उभा होता.

‘‘बाबा? काय म्हणतेय ही? तिला काहीतरी चुकीचं कळलंय का?’’

अजूनही हो म्हणता आलं असतं. पोर आहे, चुकीचं ऐकलं तिने.

‘‘नाही,’’ धर्मपाल म्हणाले. ‘‘ती बरोबर सांगतेय.’’

या वेळी चित्र अडकलं नाही. मुलाचा चेहरा कसा कसा बदलत गेला, ते त्यांना शेवटपर्यंत बघावं लागलं.